परदेशात दोघांसाठी भाड्याचं घर: आधी गाड्यांच्या फेऱ्या मोजा, मग खोल्या

परदेशातली नोकरी पक्की होते, व्हिसा हातात येतो आणि घराचा शोध सुरू होतो. तेव्हा बहुतेक जोडपी एकच प्रश्न विचारतात: ऑफिसपासून किती लांब? आम्हीही तोच विचारला होता. नवऱ्याचं ऑफिस बसने ३५ मिनिटांवर होतं, घर उजेडाचं होतं, भाडं झेपणारं होतं. आम्ही सही केली. पहिल्याच आठवड्यात कळलं, की ती बस सकाळ-संध्याकाळ दर १५ मिनिटांनी येते, दुपारी तासाला एक आणि रविवारी संध्याकाळनंतर येतच नाही. तो सकाळी जाऊन संध्याकाळी परत यायचा, त्यामुळे त्याच्यासाठी ती बस चांगली होती. मी नोकरी शोधत होते, भाषेच्या वर्गाला जात होते. वर्ग दीड तासाचा असायचा आणि त्यासाठी थांब्यावरचं ताटकळणं धरून घराबाहेर साडेतीन-चार तास जायचे. हळूहळू मी बाहेर पडणंच कमी केलं. त्या दिवसांतलं माझं एकटेपण आम्ही दोघांनीही नव्या देशाच्या खात्यावर टाकलं. खरं कारण बरंचसं त्या बसच्या वेळापत्रकात होतं.

दहा महिन्यांनी घर बदललं. नवं घर लहान होतं, ऑफिसपासून थोडं लांबच होतं, पण पाच मिनिटं चाललं की ट्राम होती आणि ती रात्री उशिरापर्यंत दर सात-आठ मिनिटांनी यायची. माझा दिवस बदलला. तेव्हापासून ओळखीतली जी जोडपी स्वतःची गाडी न घेता परदेशात राहायला निघतात, त्यांच्याबरोबर बसून मी घर शोधायला मदत करते. त्यातून जी पद्धत तयार झाली, ती इथे पायरीपायरीने लिहिते आहे.

पायरी १: दोघांचे आठवडे कागदावर मांडा

घरांच्या जाहिराती उघडण्याआधी एक संध्याकाळ यासाठी काढा. दोन कागद घ्या, एकावर एकाचा आठवडा, दुसऱ्यावर दुसऱ्याचा. सोमवार ते रविवार कोण कुठे जाणार, किती वाजता जाणार, किती वाजता परतणार, ते लिहा. ज्याची नोकरी ठरली आहे त्याचा कागद पाच मिनिटांत भरतो. दुसरा कागद कोराच राहू पाहतो आणि सगळी चूक तिथेच होते. कोरा कागद म्हणजे त्या माणसाला कुठे जायचंच नाही, असा अर्थ आपण नकळत लावतो.

प्रत्यक्षात जो जोडीदार नोकरीशिवाय येतो, त्यालाच सार्वजनिक वाहतुकीची गरज जास्त असते. भाषेचा वर्ग, मुलाखती, सरकारी कचेरीतल्या फेऱ्या, ग्रंथालय, डॉक्टर, नव्या ओळखी, किराणा. यातलं बहुतेक सगळं दुपारी किंवा संध्याकाळी उशिरा असतं, म्हणजे नेमकं ज्या वेळी फेऱ्या कमी होतात तेव्हा. म्हणून दुसरा कागद अंदाजाने का होईना, पण पूर्ण भरा. सहा महिन्यांनी नोकरी लागली तर ती शहराच्या कोणत्या भागात लागण्याची शक्यता आहे, तेही लिहा. त्या क्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती चाळल्या, की कंपन्या कुठे एकवटल्या आहेत ते अर्ध्या तासात दिसतं.

मग दोघांनी मिळून एक मर्यादा ठरवा: रोजच्या ठिकाणी दारापासून दारापर्यंत जास्तीत जास्त किती वेळ चालेल? इटालियन भौतिकशास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ साली असं मांडलं, की वेगवेगळ्या काळांत आणि समाजांत माणूस प्रवासावर दिवसाला सरासरी तासभर खर्च करत आला आहे. वाहनं वेगवान झाली तेव्हा माणसं लांब राहायला गेली, तास तेवढाच राहिला. एका दिशेला अर्धा तास, हा त्यातून निघणारा अंदाज सुरुवातीला बरा आहे. मोठ्या शहरात तो जमत नाही, तिथे मी ४५ मिनिटांवर रेघ ओढायला सांगते.

"थोडा लांबचा प्रवास, पण भाडं केवढं कमी!" हा मोह सगळ्यांना पडतो. आलोइस श्टुत्झर आणि ब्रूनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या अनेक वर्षांच्या माहितीवरून २००८ मध्ये दाखवलं, की कामासाठी लांबचा प्रवास करणारी माणसं आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. स्वस्त घर किंवा जास्त पगार ती भरपाई पूर्ण करत नाही. मला यात नवल वाटत नाही. मोठी खोली आठवडाभरात अंगवळणी पडते, रोजचं ताटकळणं पडत नाही.

दोघांचीही नोकरी असेल आणि ऑफिसं शहराच्या दोन टोकांना असतील, तर नकाशावर पट्टी ठेवून मध्यबिंदू काढू नका. त्या बिंदूवर कदाचित एकही चांगली गाडी नसेल. दोघांनाही गाडी न बदलता किंवा एकदाच बदलून जाता येईल असं ठिकाण शोधा, मग ते अंतराने एकाला जवळ आणि दुसऱ्याला लांब असलं तरी चालेल. ज्याची शिफ्ट आहे, ज्याला पहाटे निघायचं आहे किंवा रात्री उशिरा परतायचं आहे, त्याची सोय आधी पाहा. घरून काम करता येणाऱ्याचा क्रमांक नंतर.

पायरी २: किती वेळाने येते ते पाहा

वाहतूक कंपनीचा रंगीत नकाशा पाहिला की वाटतं, सगळीकडे सगळं जातं. त्या नकाशावर दर चार मिनिटांनी येणारी मेट्रो आणि तासाला एक येणारी बस, दोन्हींची रेघ बहुधा सारख्याच जाडीची असते. तुमचं रोजचं आयुष्य मात्र या फरकावरच उभं असतं.

हिशेब सोपा आहे. वेळापत्रक न बघता थांब्यावर गेलात, तर सरासरी वाट दोन गाड्यांमधल्या अंतराच्या निम्मी. दर १० मिनिटांनी गाडी असेल तर सरासरी ५ मिनिटं, दर ३० मिनिटांनी असेल तर १५. हे झालं गाड्या वेळेवर आल्या तर. रस्त्यावरच्या बस गर्दीत अडकतात, एकामागोमाग दोन येतात, मग बराच वेळ एकही येत नाही. समजा, १० मिनिटांची सेवा प्रत्यक्षात कधी २ मिनिटांच्या तर कधी १८ मिनिटांच्या अंतराने येते. सरासरी अंतर तेच, १० मिनिटं. पण तुम्ही थांब्यावर पोचाल तो क्षण त्या लांब पोकळीत सापडण्याची शक्यता जास्त असते, म्हणून सरासरी वाट ५ वरून ८.२ मिनिटांवर जाते. स्वतंत्र रुळांवरून किंवा राखीव मार्गिकेवरून चालणाऱ्या गाडीला मी बसपेक्षा जास्त मोल देते ते यासाठी. ती वेगवान असेलच असं नाही, पण तिच्या भरवशावर दिवस आखता येतो.

माझी मोजपट्टी अशी आहे: १० मिनिटं किंवा त्याहून कमी अंतर असेल तर वेळापत्रक विसरता येतं, मनात आलं की निघायचं. १५ मिनिटं असेल तर निघण्याआधी फोन बघायचा. २० ते ३० मिनिटं असेल तर दिवस त्या गाडीभोवती आखावा लागतो. त्यापुढे गेलं की स्वतःची गाडी न घेता राहण्याची परीक्षाच सुरू होते. ज्यांचं दोघांचं येणं-जाणं ठरलेल्या वेळी आहे ते २० मिनिटांवरही मजेत राहतात. दिवसभर सुट्यासुट्या फेऱ्या मारणाऱ्या माणसाला ते जड जातं.

गाडी बदलण्याचंही तसंच आहे. दर ५ मिनिटांच्या मेट्रोतून उतरून दर ५ मिनिटांच्या ट्राममध्ये चढायचं असेल तर ते काहीच नाही. पण मेट्रोतून उतरून दर ३० मिनिटांची बस पकडायची असेल, तर मेट्रोला झालेला दोन मिनिटांचा उशीर घरी पोचेपर्यंत अर्धा तास होतो. म्हणून "फक्त एकदा बदलावं लागतं" या वाक्यावर विसंबू नका. कशातून कशात, हे विचारा. आणि बदलायची जागा कशी आहे तेही पाहा. एकाच फलाटावर समोरची गाडी पकडणं वेगळं आणि जिने चढून, रस्ता ओलांडून, उघड्यावर उभं राहणं वेगळं.

मधलं स्टेशन की शेवटचं, हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही. मार्गाच्या सुरुवातीच्या स्टेशनजवळ राहिलात तर सकाळी बसायला जागा मिळते आणि ३५ मिनिटं वाचनात किंवा भाषेच्या अभ्यासात जातात. शहराजवळच्या स्टेशनवर प्रवास २० मिनिटांचाच, पण तो दाराला चिकटून उभ्याने. मी बसण्याच्या बाजूची आहे. रोज दमून परतणाऱ्या माणसाला विचारलंत तर तोही बहुधा तेच सांगेल.

पायरी ३: घर ते थांबा हे अंतर पायांनी मोजा

जपानमध्ये घराच्या जाहिरातीत स्टेशनपर्यंतचं अंतर मिनिटांत देतात आणि त्यासाठी ठरलेला नियम आहे: ८० मीटर म्हणजे १ मिनिट, वरचे मीटर उरले तर पुढचं पूर्ण मिनिट धरायचं. लंडनमध्ये एखादी जागा सार्वजनिक वाहतुकीने किती जोडलेली आहे ते ० ते ६ब अशा श्रेणीत मोजतात. त्या मोजणीतही चालण्याचा वेग मिनिटाला ८० मीटरच धरला आहे. बसथांबा ६४० मीटरच्या आत, म्हणजे ८ मिनिटांत, आणि रेल्वे किंवा मेट्रो स्टेशन ९६० मीटरच्या आत, म्हणजे १२ मिनिटांत असेल तरच ते हिशेबात घेतात. हे आकडे कुठेही वापरण्याजोगे आहेत. लंडनमधल्या कुठल्याही पत्त्याची श्रेणी मोफत बघता येते, तिथे घर शोधणाऱ्यांनी ती जरूर बघावी.

पण जपानच्या नियमात सिग्नलला थांबणं, चढ आणि जिने धरलेले नाहीत, आणि इतर देशांतल्या जाहिरातींना तर एवढाही नियम बहुधा नसतो. "स्टेशनपासून ५०० मीटर" असं लिहिलेलं अंतर पुष्कळदा सरळ रेषेत मोजलेलं असतं. मध्ये रेल्वेचे रूळ, नदी किंवा द्रुतगती रस्ता असेल तर त्या ५०० मीटरचे दीड किलोमीटर व्हायला वेळ लागत नाही. स्टेशनला दरवाजा एकाच बाजूला असेल तर आणखी वळसा. नकाशावर पायी जायचा रस्ता काढून बघा, आणि तोही स्टेशनच्या नावाच्या टिंबापर्यंत न काढता तुमच्या बाजूच्या दरवाजापर्यंत काढा.

त्यातही रस्ता कसा आहे याला महत्त्व आहे. डिसेंबरात लंडनमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, स्टॉकहोममध्ये तीनच्याही आधी. म्हणजे हिवाळ्यातला तुमचा संध्याकाळचा परतीचा रस्ता रोजच अंधारातला. दिवे आहेत का, पदपथ सलग आहे का, रस्त्यात दुकानं-घरं आहेत की नुसती कुंपणं आणि गोदामं, हे बघा. जोडीदारापैकी जो एकटा रात्री परतणार आहे, त्याचं किंवा तिचं मत यात अंतिम मानावं. दुसऱ्याने "काही होत नाही" असं म्हणू नये.

थांब्यावरून घरी येताना वाटेवर किराणा दुकान असणं ही फार मोठी सोय आहे. गाडी नसलेल्या घरात सामान हातातून येतं, आणि आठवड्याचं एकदम न येता दोन-तीनदा थोडं थोडं येतं. दुकान घराच्या विरुद्ध दिशेला १५ मिनिटांवर असेल तर दोन पिशव्यांचं ओझं दर वेळी जाणवतं.

पायरी ४: ॲपवर आडवेळा टाकून बघा

२००५ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या वाहतूक संस्थेने, ट्रायमेटने, आणि गूगलने मिळून वेळापत्रकांची माहिती एका ठरलेल्या साच्यात द्यायची पद्धत तयार केली. तिला जीटीएफएस म्हणतात. आज जगभरच्या वाहतूक संस्था त्या साच्यात माहिती देतात, म्हणून तुम्ही अजून विमानातही बसला नसलात तरी तिथली बस कितीला सुटते ते घरबसल्या कळतं. या सोयीचा पुरेपूर वापर करा.

फक्त एक फसगत लक्षात घ्या. ॲप "२८ मिनिटं" असं दाखवतं, तेव्हा ते गाडी सुटायच्या अगदी आधी तुम्ही घरातून निघालात असं धरतं. गाडीसाठी घरात बसून काढलेली २५ मिनिटं त्यात दिसत नाहीत. म्हणून मी अशी चाचणी करायला सांगते. पाच आडनिड्या वेळा घ्या, उदाहरणार्थ सकाळी ८:०३, ११:१७, दुपारी २:४१, संध्याकाळी ६:२६ आणि रात्री १०:०९. प्रत्येक वेळ "निघण्याची वेळ" म्हणून टाका आणि पोचण्याची वेळ लिहा. त्या दोहोंमधलं अंतर हा तुमचा खरा वेळ. हेच मंगळवारासाठी करा, शनिवारसाठी करा, रविवारसाठी करा. परतीच्या दिशेनेही करा, कारण संध्याकाळच्या फेऱ्या सकाळच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या नसतात. पाचही वेळांना ३० ते ३८ मिनिटं आली तर ते घर चांगलं. सकाळी २८ आणि दुपारी ७५ आली, तर तुम्ही आमच्या पहिल्या घरासमोर उभे आहात.

वेळापत्रकाची मूळ पीडीएफ मिळाली तर तीही वाचा. खालच्या बारीक खुणांमध्ये बरंच काही लपलेलं असतं: ही फेरी फक्त शाळा चालू असताना, ही फक्त शुक्रवारी रात्री, ही सार्वजनिक सुट्टीला नाही, ही आधी फोन करून सांगितलं तरच येते. मोठ्या सुट्ट्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. आणि नव्या देशात सुट्टीच्या दिवशीच एकटेपणा जास्त जाणवतो, तेव्हा बाहेर पडता येणं महत्त्वाचं.

शेवटची गाडी किती वाजता, हे वेगळं लिहून ठेवा. न्यूयॉर्कची सबवे आणि कोपनहेगनची मेट्रो दिवसाचे २४ तास, आठवड्याचे सातही दिवस चालते. लंडनमध्ये २०१६ पासून मेट्रोच्या काही मार्गांवर शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री रात्रभर गाड्या चालतात, इतर रात्री बसवर भिस्त. टोकियोत मध्यरात्रीनंतर गाड्या बंद होतात आणि पहाटे पाचच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. म्हणजे मोठं शहर असलं की रात्री गाडी असतेच, असं नाही. रात्रीच्या बसचा मार्ग तुमच्या घराजवळून जातो का ते पाहा. विमानतळावर पहाटेच्या विमानासाठी जायचं झालं तर कसं जाल, हेही एकदा शोधून ठेवा. परदेशात राहणाऱ्याला ते वर्षातून दोन-तीनदा तरी लागतंच.

ज्यांना नकाशा आवडतो त्यांनी आयसोक्रोन नकाशाही काढून बघावा. एका ठिकाणाहून ठरावीक वेळात कुठवर पोचता येतं, ते तो रंगांनी दाखवतो. कल्पना जुनी आहे: १८८१ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी लंडनहून जगात कुठे किती दिवसांत पोचता येतं याचा असा नकाशा केला होता. आता तोच प्रकार मिनिटांत आणि तुमच्या ऑफिसपासून करता येतो, तशा मोफत वेबसाइट आहेत. दोन नकाशे काढा, दोघांच्या दोन ठिकाणांपासून ४५ मिनिटांचे. जिथे दोन्ही रंग एकमेकांवर येतात, तिथेच घर शोधायचं. हा पट्टा पुष्कळदा अनपेक्षित आकाराचा निघतो. जवळची वाटणारी वस्ती बाहेर पडते आणि ज्या स्टेशनचं नावही ऐकलं नव्हतं ते आत येतं.

पायरी ५: मार्ग बंद पडला तर?

एकाच मार्गावर अवलंबून असलेलं घर निवडताना दोनदा विचार करा. दुरुस्तीसाठी मार्ग बंद राहतात, संप होतात, पूर येतो. पॅरिसची आरईआर ए ही उपनगरी रेल्वे युरोपातल्या सर्वांत गर्दीच्या मार्गांपैकी एक, पण २०१५ पासून सलग काही उन्हाळ्यांत रूळ बदलण्यासाठी तिचा शहरातला टप्पा कित्येक आठवडे बंद राहिला. ज्यांच्या घराजवळून दुसरा मार्ग जात होता त्यांची गैरसोय झाली, पण काम अडलं नाही.

दुसरा मार्ग पहिल्याइतका चांगला असायलाच हवा असं नाही. मेट्रोबरोबर एखादी बस वेगळ्या दिशेच्या स्टेशनला जात असेल किंवा २५ मिनिटं चालून दुसरा मार्ग गाठता येत असेल, तरी पुरे. सायकल चालवत असाल तर तोही पर्याय धरा. फक्त दोन्ही मार्ग एकाच बोगद्यातून किंवा एकाच पुलावरून जाणारे नसावेत.

आणि येऊ घातलेल्या मार्गाच्या भरवशावर घर घेऊ नका. "पुढच्या वर्षी इथे मेट्रो येतेय" हे वाक्य एजंट जगात सगळीकडे म्हणतात. लंडनची एलिझाबेथ लाइन डिसेंबर २०१८ मध्ये सुरू होणार होती, ती सुरू झाली मे २०२२ मध्ये. भाडेकरार पुष्कळदा वर्षा-दोन वर्षांचा असतो. आज जी गाडी धावते, तिच्यावरच निर्णय घ्या.

पायरी ६: भाडं आणि दोन पास, एकत्र बेरीज

इथे फार वेळ घालवायची गरज नाही, पण बेरीज दोन पासांची करायची हे विसरलं जातं. अनेक शहरांत तिकीटदराचे टप्पे मध्यवर्ती भागाभोवती वर्तुळासारखे असतात, आणि एका टप्प्याच्या सीमेपलीकडे राहिलं की दोघांचेही पास महाग होतात. घराच्या भाड्यात वाचलेलं त्यात जातं. सगळीकडे मात्र हे लागू होत नाही. पॅरिस परिसरात सप्टेंबर २०१५ पासून सर्व टप्प्यांचा मासिक पास एकाच दराचा आहे, आणि जर्मनीत मे २०२३ पासून एकाच मासिक तिकिटावर देशभरातली स्थानिक वाहतूक वापरता येते. अशा ठिकाणी टप्पा हा मुद्दाच उरत नाही, फक्त वेळ मोजायचा.

नोकरी देणाऱ्या कंपनीला विचारा. फ्रान्समध्ये सार्वजनिक वाहतुकीच्या पासाची निम्मी रक्कम कंपनीने देणं कायद्यानेच बंधनकारक आहे, जपानमध्ये बहुतेक कंपन्या प्रवासखर्च देतात. घर घेण्याआधी विचारलं तर निर्णय सोपा होतो. आणि घरून काम करणाऱ्याला मासिक पास परवडतो की सुटी तिकिटं, हेही एकदा मांडून बघा.

पायरी ७: तिथे राहून बघा, तीन वेगळ्या वेळांना

इतकं सगळं घरबसल्या झालं तरी दुरूनच लांब मुदतीचा करार करू नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पहिला महिना तात्पुरत्या जागेत काढा, आणि ती जागाही निवडलेल्या दोन-तीन वस्त्यांपैकी एकीत घ्या. तात्पुरती जागा घेताना तिथे पत्त्याची नोंदणी करता येईल का, हे आधी विचारा. उदाहरणार्थ, जर्मनीत राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याचं पत्र लागतं. ते न मिळाल्यास पुढची बरीच कामं अडतात.

वस्ती बघायला तीनदा जा. कामाच्या दिवशी सकाळी गर्दीच्या वेळी एकदा, दुपारी एकदा आणि रात्री अंधार पडल्यावर एकदा. सकाळी फलाटावर उभं राहून बघा: तिसऱ्या-चौथ्या गाडीतच चढायला मिळतं आहे का? मधल्या स्टेशनांवर हे होतं आणि कुठल्याही वेळापत्रकात दिसत नाही. दुपारी थांब्यावर कोण आहे, दुकानं उघडी आहेत का, बसायला बाग किंवा ग्रंथालय आहे का, ते बघा. ही वेळ घरी असणाऱ्या जोडीदाराची आहे, म्हणून ती फेरी त्यानेच मारावी. रात्री शेवटच्या गाडीच्या आधीच्या गाडीने उतरून घरापर्यंत चालत जा.

आवाजाकडे लक्ष द्या. थांब्याच्या जवळ राहण्याची दुसरी बाजू आवाज ही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रात्रीच्या आवाजाची शिफारस केलेली पातळी रस्त्यासाठी ४५ डेसिबल आणि रेल्वेसाठी ४४ डेसिबलच्या खाली ठेवली आहे. युरोपीय संघात २००२ च्या निर्देशानुसार एक लाखाहून जास्त वस्तीच्या शहरी भागांचे आवाजाचे नकाशे दर पाच वर्षांनी करावे लागतात, ते लोकांना बघता येतात. ट्राम वळणावर करकरते, बस थांब्यावर इंजिन घरघरत राहतं, भुयारी मेट्रोची थरथर तळमजल्यावर जाणवते. थांब्यापासून एक गल्ली आत, मागच्या बाजूला झोपण्याची खोली, ही माझ्या मते सर्वांत चांगली जागा. चालायला दोन मिनिटं जास्त लागतात आणि झोप शाबूत राहते.

स्टेशनला लिफ्ट आहे का, हे आज गरजेचं वाटणार नाही. मोठ्या बॅगा घेऊन विमानतळाहून याल, आई-वडील राहायला येतील, बाबागाडी येईल किंवा पाय मुरगळेल, तेव्हा लिफ्ट नसलेलं स्टेशन फार लांब वाटतं.

पायरी ८: करार

घर बघितल्याशिवाय आणि लेखी करार हातात आल्याशिवाय पैसे पाठवू नका. "मी सध्या दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट भरा, किल्ल्या टपालाने पाठवतो" असं कोणी म्हणालं तर तिथेच बोलणं थांबवा. नव्याने येणाऱ्यांना फसवण्याची ही जुनी रीत आहे आणि घाईत असलेली जोडपीच तिला बळी पडतात.

करारात दोघांची नावं घाला. पत्त्याचा पुरावा दोघांनाही लागतो, आणि नोकरी नसलेल्या जोडीदाराच्या नावावर दुसरा काहीच कागद नसतो. करार मुदतीआधी सोडता येतो का आणि किती दिवसांची सूचना द्यावी लागते, हे वाचा. पहिल्या घरासाठी मी लवकर सोडता येणारा करार घ्यायला सांगते, भाडं थोडं जास्त पडलं तरी. दुसऱ्याची नोकरी शहराच्या कोणत्या टोकाला लागेल ते अजून ठरायचं आहे.

दोन घरांमध्ये मन अडकलं, तर सहीच्या आदल्या आठवड्यात एक दिवस काढा. दोघांनी वेगवेगळं निघा: एकाने ऑफिसच्या वेळी ऑफिसला, दुसऱ्याने दुपारी भाषेच्या वर्गाच्या पत्त्यावर, दोन्ही घरांपासून. फोन खिशात ठेवा, वेळापत्रक बघू नका, घड्याळात फक्त निघाल्याची आणि पोचल्याची वेळ टिपा. रात्री चारही आकडे एका कागदावर लिहा. दोन्ही घरांचा सर्वांत मोठा आकडा कोणाचा आहे ते बघा, आणि ज्याच्या वाट्याला तो येतो, त्याला घर निवडू द्या.